रफूवाल्याचे डोळे

दवाखान्यात शिरताच त्याने दाराशी उभ्या असलेल्या बाईला अदबीनं विचारलं, "डोळे कुठे तपासतात हो?"

बाई नुसती हसत राहिली. तिला दुसरं काही येतच नव्हतं, कारण ती पुठ्ठ्याची होती – चष्म्याच्या जाहिरातीतली. बाकावरच्या दोन आजीबाई तोंडावर हात ठेवून खुदखुदल्या. टेबलामागची मुलगी मात्र हसली नाही. म्हणजे, तिने ओठ घट्ट दाबून धरले, एवढंच.

"इकडे या," ती म्हणाली. "त्या फारशा बोलत नाहीत."

तो कानापर्यंत लाल झाला, आणि मग स्वतःच हसला. उंच, जरासा वाकलेला, बोटांना शाई लागलेली… त्या हसण्याने तिच्या काळजाचा एक ठोका चुकला. कामाच्या वेळी असलं काही होऊ द्यायचं नाही, असा तिचा नियम होता.

दवाखाना तिच्या आत्याचा. आत्या डोळ्यांची डॉक्टर. चष्म्याचे नंबर काढायचं काम हिचं. एरवी ती पेशंटांशी गप्पा मारत काम करायची, पण गेले तीन आठवडे तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याला कारण होता एक गेम.

लहानपणी टीव्हीला जोडून ती तो खेळायची – पाण्यात बुडालेल्या शहरात एकेक दिवा लावत जायचं. गेल्या वर्षी कंपनीने तो कॉम्प्युटरवर आणला, पण अशी पाट्या टाकून कामं केलेली की बघवेना. चेहरे पुसट, दुकानांवरची अक्षरं विरघळलेली, पाणी म्हणजे निळी चादर. तक्रारी झाल्यावर कंपनीने हात वर केले. मग चाहत्यांच्या फोरमवर 'रफूवाला' नावाचा कुणीतरी निव्वळ हौसेपोटी एकेक चित्र नव्याने रंगवून पॅच टाकू लागला. त्याची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली, की एक गल्ली लख्ख दिसायची. ती तिथे 'भिंगरी' नावाने त्याच्या चुका काढायची, लाल गोल करून. वर्षभर दोघं रोज भांडत होते. ज्या दिवशी भांडण होत नसे, त्या दिवशी तिला जेवण गोड लागत नसे.

पाचव्या पॅचमध्ये मात्र सगळ्या कडा इतक्या धारदार झाल्या की डोळ्यांत टोचाव्यात. तिने सांगितलं. तो म्हणाला, माझ्याकडे छान दिसतंय. तिने पुन्हा सांगितलं. तो हटूनच बसला. शेवटी रागाच्या भरात तिने लिहिलं, "डोळे फुटलेत का तुझे?" उत्तर आलं, "कदाचित." दुसऱ्या दिवशी त्याने सगळे पॅच काढून टाकले, खातं बंद केलं आणि गडप झाला. ज्याचं खरं नावही ठाऊक नाही, त्याला शोधायचं तरी कुठे?

तिने या नव्या पेशंटच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम चढवली.

"तिसरी ओळ वाचा."

"तिथे ओळ आहे?"

"आहे."

"तुम्ही म्हणता तर असेल बुवा."

तिने काच बदलली. "आता हे बरं… की हे?"

"पहिलं. नाही – दुसरं. नापास केलंत तर?"

"आजवर कुणाला केलं नाही."

तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "माझ्या बाबांना काचबिंदू होता. कळेपर्यंत दोन्ही डोळे गेले होते. त्या भीतीने मी दोन वर्षं डोळे दाखवायला फिरकलोच नाही. छापखान्यात प्रुफं तपासतो, हातातला कागद चोख दिसतो… म्हटलं, ठीक आहे. पण हौस म्हणून, लांबच्या मोठ्या स्क्रीनवर, एका गेमची चित्रं दुरुस्त करायचो. एकीने सरळ विचारलं, डोळे फुटलेत का."

तिच्या हातातली काच ट्रेमध्ये खणकन पडली.

"मग… मग काय केलंत तुम्ही?"

"पळालो. ती वर्षभर चुका दाखवायची आणि दाखवल्या की मला दिसायच्या. या वेळी ती दाखवत राहिली… आणि मला चूक दिसलीच नाही."

मीच ती, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आधी डोळे. तिने त्याला आत्याच्या खोलीत पाठवलं आणि बाहेर येरझाऱ्या सुरू केल्या. एका आजीबाईंना तिने दोनदा नाव विचारलं. काहीही निघू दे, पण ते नको, एवढंच ती पुटपुटत होती.

वीस मिनिटांनी आत्या बाहेर आली. "काय गं, पेशंट तो आहे की तू?"

"आत्या, सांग ना!"

"डोळ्यांचा दाब उत्तम. नस ठणठणीत. वर्षातून एकदा दाखवायचं, बस. नुसता नंबर आहे, इतके दिवस अंगावर काढलेला… आणि तू रडतेस कशाला?"

"कुठे रडतेय?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं, दारात आलेल्या त्याच्याकडे पाहिलं आणि एका आजीबाईंचा हात धरून आत गेली.

तो खुर्चीत मटकन बसला. "नुसता नंबर," त्याने मोठा श्वास सोडला. "सुटलो!"

"पायऱ्या करवतीसारख्या दिसत होत्या," ती एका दमात म्हणाली. "पाचव्या पॅचमध्ये. मी सात लाल गोल केले होते."

तो बघतच राहिला. "…भिंगरी?"

"तसं लिहायला नको होतं मी. तीन आठवडे माफी लिहितेय आणि खोडतेय. मला माहीत असतं, तर—"

"तर गोड लिहिलं असतंस, आणि मी आणखी दोन वर्षं इथे आलो नसतो." तिला 'तुम्ही' म्हणायचं तो केव्हाच विसरला होता.

"राग नाही आला?"

"आला ना. एकदाही विचारलं नाहीस, कुठे आहेस म्हणून."

"विचारणार कुठे? खातं कुणी बंद केलं?"

"…हो की." दोघंही हसत सुटले. मग तो टेबलावरच्या कागदाशी चाळा करत म्हणाला, "एक सांगू? गेले सहा महिने मी प्रत्येक पॅचमध्ये एक चूक मुद्दाम ठेवायचो. तू गोल करावास म्हणून."

"तो तिरका दिवा!"

"मुद्दाम."

"आणि ती बिनशेपटीची मांजर?"

"ती खरंच राहून गेली होती."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवड्यांचं ओझं कधी उतरलं, तिला कळलंही नाही. "मला आवडतोस तू," ती म्हणाली. "भांडकुदळ आहेस, तरी."

तो मान खाली घालून, गालातल्या गालात हसत राहिला.

"चष्मा कधी मिळेल?" त्याने हळूच विचारलं.

"शनिवारी."

"म्हणजे शनिवारपर्यंत तू मला अशी धूसरच दिसणार?"

"लांबून." तिने नंबराचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "वजा नंबर आहे. जवळचं तुला अगदी स्वच्छ दिसतं."

त्याने कागद वाचलाही नाही. उठला, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला… आणि ती तिच्या शेजारी आणून ठेवली.