दिवेलागणीनंतरचं विरजण

ज्या वर्षी वैजयंताबाईंच्या नातीचं, ओवीचं लग्न ठरलं, त्याच वर्षी राज्यात दही लागायचं बंद झालं.

दही घरी लावणारं तसं कोणी उरलंच नव्हतं. गल्लोगल्ली आयतान्न भांडारं झाली होती. पिठल्याची पुडी, भरल्या वांग्याची पुडी, पुरणपोळीचीसुद्धा पुडी मिळे. नव्या घरांत चुलीला जागाच नसे. ओट्याच्या जागी भिंतीत एक खण असे, त्याला तापखण म्हणत. पुडी खणात ठेवली की दोन मिनिटांत जेवण. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. मीठ बेताचं, तेल बेताचं, आणि बाईमाणसाची कंबर वाचलेली. फक्त सोलापूरपासून शहाद्यापर्यंत वांगं एकाच चवीचं लागायचं, एवढंच.

दह्याचंही तेच झालं होतं. साऱ्या भांडारांतलं दही एकाच वाणाच्या जिवाणूपासून बने. शास्त्रज्ञ त्याला एकवाणी विरजण म्हणत. त्या वर्षी वैशाखात या वाणावर एक विषाणू पडला, आणि पंधरा दिवसांत कारखान्यांच्या टाक्यांमधलं दूध शेंबडासारखं तार धरू लागलं. दही गेलं, ताक गेलं, कढीची पुडी गेली. आजारी माणसाला दहीभात मिळेना.

नाशिकच्या दुग्धजीव प्रयोगशाळेत एके दिवशी वैजयंताबाई मांडीवर गाडगं घेऊन बसल्या होत्या. वय एकोणऐंशी. गाडग्याला त्यांनी टॉवेल गुंडाळला होता. मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी तापखणाशेजारच्या फळीवर हे गाडगं इतकी वर्षं होतं. सून पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे कुत्रं नाही, मांजर नाही. सासूबाईंचं गाडगं आहे." ओवी त्याच प्रयोगशाळेत नोकरीला होती. सगळीकडचं दही नासलं आणि घरातलं आजीचं दही मात्र सुरीने कापावं असं लागत राहिलं, तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"आजी, हे किती वर्षांचं आहे?" डॉक्टर तांबोळींनी विचारलं. त्या ओवीच्या साहेब, चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या.

"माझ्या हातात साठ वर्षं. त्याआधी सासूच्या, त्याआधी तिच्या सासूच्या. एक दिवस खंड नाही. कुठं जायचं असलं तर मी विरजण बरोबर न्यायची, नाहीतर जायचीच नाही."

"खरंच?"

"खोटं बोलायला मी काय भांडारवाली आहे?"

तांबोळी हसल्या आणि ओवीला म्हणाल्या, "नमुना घे. गोंदणपट्टी वाच."

"कसली पट्टी?" वैजयंताबाईंनी विचारलं.

ओवीने आजीच्या मनगटावरचं हिरवं गोंदण बोटाने दाखवलं. "हे बघ. दह्याच्या जिवाणूवर विषाणू चाल करून येतो. बहुतेक जिवाणू मरतात. एखादा वाचतो, आणि तो त्या विषाणूचा बारीक तुकडा कापून स्वतःच्या अंगात ठेवून घेतो. गोंदून घेतल्यासारखा. पुन्हा तसला विषाणू आला की ओळखतो आणि मारतो. त्याच्या पोरांनाही ते गोंदण जन्मतःच मिळतं."

"आणि नवं गोंदण नेहमी ओळीच्या एकाच टोकाला बसतं," तांबोळी म्हणाल्या. "म्हणजे क्रम बदलत नाही. कुठल्या गावात कुठल्या साली कोणते विषाणू होते, याची यादी पन्नास वर्षांपासून आमच्याकडे आहे. पट्टी यादीशी ताडून पाहिली की तुमचं दही कधी कुठं नांदलं, ते कळतं."

"मग ते मीच सांगते की. वरखेड, आणि आता नाशिक. मशीन कशाला लावता?"

घरी जाताना गाडीत ओवीने भीत भीत विषय काढला. "आजी, पत्रिका छापून आल्यात. सावरखेड्याच्या मालनआजीला पाठवायची ना?"

"नाव काढू नकोस."

"अगं, तिला कळलं तर—"

"कळू दे. बत्तीस वर्षांत ती माझ्याशी शब्द बोलली नाही, आता काय अक्षता टाकायला येणार?"

मालन त्यांची धाकटी जाऊ. एकाच चुलीवर दोघी सोळा वर्षं भाकरी थापत होत्या. दळणाच्या रांगेत मालन इतकी हसवायची, की वैजयंताबाईंच्या डोक्यावरचा डबा डुगडुगायचा. पुढे धाकट्या दिराला सावरखेड्याच्या चीज कारखान्यात नोकरी लागली. बिऱ्हाड हलवायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मालन वाटी घेऊन आली. "अक्का, विरजण दे. तिकडं पहिलं दही आपल्या घरचं लागू दे."

देवापाशी दिवा नुकताच लागला होता. दिवेलागणीनंतर मीठ आणि विरजण घराबाहेर देत नाहीत, घरातली लक्ष्मी जाते. वैजयंताबाई म्हणाल्या, "आता नाही. दिवा लागला."

"मी का परकी आहे?"

"उद्यापासून तुझं घर वेगळं," वैजयंताबाई बोलून गेल्या. बोलायचं नव्हतं, पण गेल्या. मालनने वाटी उंबऱ्यावर पालथी घातली आणि पहाटेच टेंपोत बसून निघून गेली. तेव्हापासून बोलणं नाही. सासू वारली तेव्हाही दोघी एकमेकींकडे पाठ करून रडल्या.

सातव्या दिवशी प्रयोगशाळेतून बोलावणं आलं.

"आजी, तुमचं विरजण त्या विषाणूला दाद देत नाही," तांबोळी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात सगळ्या कारखान्यांना हेच जाईल. नावही तुमचंच देऊ."

वैजयंताबाईंनी पदर सावरला. "सासूचं द्या. ठकूबाईचं. सांगितलं नव्हतं, खंड नाही म्हणून?"

ओवी नजर चुकवून पडद्याकडे बघत होती.

"तुम्ही सावरखेड्याला किती वर्षं होतात?" तांबोळींनी विचारलं.

"मी? मी त्या गावची शीवसुद्धा पाहिलेली नाही!"

"पट्टीत सगळ्यात जुनी गोंदणं वरखेडची आहेत. त्यापुढे ओळीने अकरा गोंदणं सावरखेड्याची. सलग तेरा वर्षांची. मग पुन्हा वरखेड, मग नाशिक."

"मशीन चुकलं असेल."

"चुकायला नको म्हणून ओवीने तीनदा वाचली."

"मग सावरखेड्याचं वारं आलं असेल वरखेडला."

"तसं असतं तर त्या तेरा वर्षांत वरखेडची गोंदणंही मधे मधे दिसली असती," ओवी म्हणाली. "एकही नाही. ते तेरा वर्षं तिथंच होतं, आजी. कारखान्यातलं चीजचं उरलेलं पाणी लोक म्हशींना पाजायला घरी आणतात, त्यातून हे विषाणू आलेत. आणि आताच्या साथीचा विषाणू त्याच कारखान्यातल्या जुन्या विषाणूचा वंशज आहे. सावरखेड्याचं सातवं गोंदण त्याला ओळखतं. वरखेडचं एकही ओळखत नाही. तुझं विरजण खरंच अखंड असतं ना, तर ह्या वैशाखात तेही मेलं असतं."

वैजयंताबाईंना राग आला, तो आधी ओवीचाच आला. "माझं गाडगं मला ठाऊक!"

"सावरखेड्याहून परत आलं ते साल एकोणीस वर्षांपूर्वीचं," तांबोळी हलक्या आवाजात म्हणाल्या. "तेव्हा काय झालं होतं, आठवतं?"

आठवत होतं. खुब्याचं हाड मोडून वैजयंताबाई चाळीस दिवस दवाखान्यात होत्या. तेवढे एकदाच त्या विरजणाविना राहिल्या होत्या. गाडगं नवऱ्याच्या, रंगनाथरावांच्या, हवाली केलं होतं. रोज चमचाभर जुनं, कोमट दूध, झाकण. दहादा पाठ करून घेतलं होतं. घरी परतल्यावर पहिलं ताट वाढलं ते त्यांनीच. पिठल्याची पुडी, पोळीची पुडी, आणि वाटीत घरचं दही.

"कसं लागलंय?" त्यांनी विचारलं होतं.

उभ्या जन्मात त्या माणसाने अन्नाला बरं-वाईट म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते बायकोच्या तोंडाकडे बघत उभे होते. दही थोडं गोडसर आणि जास्त घट्ट लागलं होतं. वैजयंताबाई म्हणाल्या, "दवाखान्यातल्या पुड्या खाऊन जीभ मेली होती. माझं ते माझंच." रंगनाथराव हसले, आणि गाय पाणी प्यायली का ते बघायला बाहेर गेले. गाय कधीच विकलेली होती.

रंगनाथराव जाऊन नऊ वर्षं झाली होती, आता त्यांना विचारायचं तरी कुठं? विचारता येण्यासारखं एकच माणूस उरलं होतं.

"ओवी," वैजयंताबाई म्हणाल्या, "पत्रिका गाडीत आहेत का?"

सावरखेड्याला पोचायला उशीर झाला. मालनबाई दारासमोरच्या ओट्यावर बसल्या होत्या. केस पांढरेफटक, समोर ताटात पुडीतली खिचडी गार झालेली. त्यांनी गाडीतून उतरणाऱ्या म्हातारीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अजून नाक तसंच आहे," त्या म्हणाल्या. "माणूस म्हातारं झालं तरी नाक खाली येत नाही तुझं."

"आणि तुझी जीभ आत जात नाही. सरक तिकडं."

मालनबाई सरकल्या. ओवीने पाया पडून पत्रिका दिली. मग वैजयंताबाईंनी विचारलं, "माझ्या घरचं विरजण तुला मिळालं कसं?"

"चोरलं नाही. टेंपो सुटताना सासूबाई आल्या. फडक्याखाली वाटी. म्हणाल्या, घे, आता उजाडलंय."

"आणि परत कसं गेलं?"

मालनबाईंनी खिचडीत चमचा फिरवला. "भाऊजींनी शपथ घातली होती. पण आता ते नाहीत, आणि तू आलीस. तू दवाखान्यात होतीस. दूध कडकडीत घातलं गेलं त्यांच्या हातून, विरजण मेलं. दोन बस बदलून आले बिचारे. अंधार पडला होता. दारातच उभे. म्हणाले, दिवा लागलाय हे मला कळतं मालन, पण सकाळपर्यंत थांबलो तर धीर सुटेल. ती परत आली नि गाडगं रिकामं दिसलं तर तिचा पाय पुन्हा उभा राहणार नाही."

"मग?"

"मग काय? दिलं."

"दिवेलागणीनंतर?"

"माझ्या घरची लक्ष्मी गेली तर गेली म्हटलं, कुठं जाईल? अक्काकडेच जाईल ना."

वैजयंताबाईंनी डोळे पुसले नाहीत. ते वाहत राहिले. "आणि तुझं गाडगं?"

"सुनेने टाकलं चार वर्षांपूर्वी. भांडारात मिळतं म्हणाली. आता तिथंही नाही." मालनबाईंनी ताट बाजूला सारलं. "नुसत्या खिचडीने घसा धरतो बघ."

वैजयंताबाई उठल्या. गाडीतलं गाडगं स्वतः घेऊन आल्या. तेवढ्यात आतल्या खोलीत सुनेने देवापाशी दिवा लावला. उजेड ओट्यापर्यंत आला.

"दिवा लागला, अक्का," मालनबाई म्हणाल्या. "आता राहू दे. सकाळी दे."

"वाटी आण."

"अगं पण—"

"वाटी आण म्हणते ना! सरळ धर. पालथी नको."

लग्न मार्गशीर्षात झालं. मालनबाई दोन दिवस आधी आल्या आणि आचाऱ्यांना हुसकून कढीला स्वतः बसल्या; शेजारी वैजयंताबाई, मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरत. कारखान्यांना दिलेल्या विरजणाच्या नोंदीत ठकूबाईचं नाव खोडून 'वरखेड-सावरखेडे' असं लिहिलं गेलं. ते वैजयंताबाईंनी ओवीच्या समोर बसून लिहवून घेतलं.

मालनबाई त्यानंतरच्या वर्षी, पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे वारल्या. वैजयंताबाई त्यांच्यामागे चार वर्षांनी, भाद्रपदातल्या एका मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर वारल्या.