पाठ करून बसलेला माणूस

ज्याला हे खोटं वाटेल त्याने मोखाड्याहून खोडाळ्याला जाताना लागणारी पिकअप शेड बघून यावी. मागची भिंत. मी कुणाला पटवून द्यायला बसलेलो नाही. घडलं ते लिहितो.

गेल्या होळीनंतरची गोष्ट.

रात्र नव्हती. रणरणती दुपार होती.

भागी माझी सख्खी आत्या. तिचा नवरा देवजीमामा दिवाळीनंतर ठाण्याकडे खडी फोडायला गेला. आम्हाला जमीन नाही, सगळे असेच जातात. होळीला परत येतात.

सगळे आले.

मामा आला नाही.

मजूर नेणारा मुकादम म्हणाला, "पळाला असेल दुसरीला घेऊन." वर हसला.

आत्या रडली नाही. तिचं एकच म्हणणं, "जिता हाये का मेला, येवढंच सांगा. कुकू लावू का पुसू?"

कुणी सांगितलं नाही. ती रोज लावत राहिली.

हेमंत माझा दोस्त. जव्हारला दुकानांच्या पाट्या रंगवतो. रिसॉर्टवाल्यांना त्याच्याकडून भिंतींवर फक्त फेर धरून नाचणारी आदिवासी माणसं हवी असतात. जसं काही आम्ही बारा महिने नाचतच असतो! त्या रागात त्याला मोबाइलवर कूर्बे सापडला. फ्रान्सचा चित्रकार, कधीच मेलेला. डोळ्यांना दिसतं तेच रंगवणार, देवदूत नाही, असा हट्टी. त्याला रस्त्याकडेला दोघं खडी फोडताना दिसले. बोलावून समोर उभे केले आणि राजाचं काढावं एवढं मोठं चित्र काढलं. दोघांचेही चेहरे दिसत नाहीत. बडे लोक भडकले. पुढे युद्धात ते चित्र जळालं. फोटो उरलाय.

तसंच चित्र काढायला हेमंतने त्या पिकअप शेडची मागची भिंत धरली.

मी बघायला गेलो.

"काय लेखकराव, उन्हात भाजून घ्यायला आलात?"

भिंतीवर एकच माणूस. खऱ्या माणसाएवढा. पाठमोरा, वाकलेला, हातात हातोडा.

"कुणाला बसवलंस?"

"माहीत नाही रे. दुपारी येतो, त्या पळसाखाली पाठ करून बसतो, खडी फोडतो. हाक मारली तर वळत नाही. म्हटलं बरंय, कूर्बेसारखंच होईल."

"पाणी तरी दिलंस?"

"ठेवतो. पीत नाही."

तेव्हा मला दिसलं... चित्रातल्या सदऱ्याच्या पाठीवर ठिगळ. पिवळ्या फुलांचं.

आत्याच्या जुन्या पोलक्याचं कापड.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन गेलो.

लांबूनच आवाज आला...

खट्... खट्...

आत्या धावली. "अरं, होळी सरली ना! घरा कवा येशील?"

आवाज थांबला.

पळसाखाली कुणी नव्हतं. खडीचा ढीग होता. हेमंत ब्रश धरून तसाच उभा.

"आत्ता होता," तो म्हणाला. "आत्ता..."

आत्या भिंतीकडे गेली. ठिगळावर बोट फिरवलं. "माझाच टाका." मग अख्खा तळवा त्या पाठीवर टेकवला. बराच वेळ.

काढला तर... ओला.

"रंग ओला आहे, आत्या," मी म्हणालो.

"पाठीचा रंग कालच सुकलाय," हेमंत हळूच म्हणाला.

तिने हात नाकाशी नेला.

"त्याचाच घाम," ती म्हणाली. "पन गार हाये."

आणि त्याच हाताने कपाळ पुसून टाकलं.

घरी येताना मला नवलही वाटलं नाही. आजही वाटत नाही, हेच वाईट आहे.

ढीग मात्र वाढत राहिला. आवाज यायचा... फोडणारा दिसायचा नाही. हेमंतने भिंतीला परत हात लावला नाही.

मग एक दिवस रस्त्याच्या कंत्राटदाराचा ट्रॅक्टर आला. खडी भरून नेली. फुकटचा माल, कुणाचा म्हणून विचारलंसुद्धा नाही. जिवंतपणी राबवला, मेल्यावरही राबवला.

तीच खडी पुढच्या वळणावर रस्त्यात दाबली. वर डांबर ओतलं. आता सगळ्यांच्या गाड्या त्यावरून जातात.

मी जातो तेव्हा तिथे चप्पल काढतो. भर दुपारी डांबर तळवे भाजून काढतं.

तेवढा तुकडा...

गार असतो.