घरंगळती नाडी

डॉक्टर रेहाना शिकलगारांनी शालन मगदूमच्या गुडघ्याखाली सुई टोचली आणि समोरच्या भिंतीवर शालनचं पोट उजळलं. मिरजेत आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. स्पंदसुई केसाहून बारीक, पण टोकाशी पेशींची कुजबुज ऐकायची. चिनी वैद्य ज्या वाटांनी प्राण वाहतो म्हणत आले, त्या वाटा ती भिंतीवर रेखून दाखवी.

शालन ड्रोन-वाहतुकीच्या नियंत्रण कक्षात कामाला. आकाशात दोन ड्रोन जवळ आले की हिचा हात भडंगाच्या डब्यात. साखर इतकी चढली होती, की खाणं आवरलं नाही तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आहारतज्ज्ञ झाले, गोळ्या झाल्या, स्वतःच्या जिभेला शिव्या घालून झाल्या. भूक काही कुणाला भीक घालेना.

"काळजी यकृतात अडकली की पोटावर धावून जाते, असं चिनी शास्त्र म्हणतं," डॉक्टर म्हणाल्या.

"ही माझ्यावर धावून येते तेव्हा बरी कुठं अडकत नाही," शालनचे यजमान सुभाषराव खुर्चीतून म्हणाले.

"अहो, गप्प बसा."

डॉक्टरांनी शालनच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. मग दुसऱ्या मनगटावर. मग पुन्हा पहिल्यावर.

"पाळी येते अजून?"

"कधीच गेली. का हो?"

"चीनमध्ये, चेंगदूला माझ्या गुरूंनी एक नाडी शिकवली होती. ताटलीत मोती घरंगळावेत तशी. ती पोटुशी बाईची असते." डॉक्टर स्वतःशीच हसल्या आणि बेंबीशेजारी आणखी एक सुई टोचली.

मग त्यांचं हसू मावळलं. सुईला पेशींचा वंशही कळतो. एका माणसाच्या पेशी ती एकाच रंगात दाखवते. शालनच्या सगळ्या वाटा सोनेरी होत्या. पण जठराच्या कडेला निळ्या ठिपक्यांचा एक पुंजका आपल्याच ठेक्यात लुकलुकत होता.

"हे तुमचं नाही," डॉक्टर हळू म्हणाल्या. "गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, कधीकधी जन्मभर राहतात, हे ठाऊक होतं. पण अशी वस्ती करून राहिलेल्या मी आजच पाहतेय. तुम्ही घाबरलात की या जाग्या होतात आणि पोटाच्या नसेला भूक सांगतात. मुलं किती तुम्हाला?"

"नाहीत," सुभाषराव घाईनं म्हणाले.

"एक होती," शालन म्हणाली. "सातव्या महिन्यात पोटातच गेली. डोहाळजेवण तोंडावर आलं होतं." ती निळ्या ठिपक्यांकडे बघू लागली. "भडंगाचेच डोहाळे होते. सासूबाई हात लावू द्यायच्या नाहीत. तिखटानं बाळाचे डोळे चुरचुरतात म्हणायच्या."

इतकी वर्षं ती ज्याला आपला हावरटपणा समजत आली, ती लेकीची भूक होती. सुभाषराव उठले, चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी भिंतीजवळ जाऊन उभे राहिले.

डॉक्टर म्हणाल्या, "ही सुई जोरात फिरवली तर या पेशी कायमच्या विझतील. भूक थांबेल, डोळे वाचतील."

"विझवू नका."

"शालनताई, दृष्टी जाईल तुमची."

"निजवता येईल का?"

हे डॉक्टरांना कुणी कधी विचारलं नव्हतं. "हलक्या हातानं फिरवली तर येईल बहुतेक. पण पुन्हा पुन्हा यावं लागेल."

"येईन की."

डॉक्टरांनी सुई दोन बोटांत धरून अलगद फिरवली. निळे ठिपके मंदावले, ठेका लांबत गेला आणि थांबला. शालनचं पोट कित्येक वर्षांत पहिल्यांदाच काही मागत नव्हतं. तिनं मोकळा श्वास घेतला. मग एकाएकी उठून बसली आणि डॉक्टरांची बाही घट्ट धरली.

"उठेल ना पण ती?"