दाहजोड

राखटेकडी वस्तीत दुपारचा पारा चढू लागला की सिंधूबाई रामटेके सुखावत. स्वतः घामानं निथळत असत, पण शंभर कोसांवर बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलेले मंत्री भास्करराव टेंभेकर त्याच वेळी तळमळत असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही किमया दाहजोडीची. मंत्र्याच्या मणक्यालगत कातडीखाली केसाएवढी बारीक तार बसवलेली असे आणि मतदारसंघातल्या सर्वांत तापलेल्या घराचा तापमापक तिला जोडलेला असे. घरात जेवढी उष्णता, तेवढ्याच उष्णतेची जाणीव ती तार मज्जातंतूंना करून देई. कातडी भाजत नसे, नुसती आग होई.

जुन्या हवामान कायद्यात टेंभेकरांनी ‘वस्त्या शक्य तितक्या लवकर थंड करू’ एवढंच लिहिलं होतं. ना आकडा, ना तारीख. त्या ‘लवकर’ची वाट बघता बघता सिंधूबाईंचा मुलगा गुणवंता तापल्या पत्र्याखाली उष्माघातानं गेला. मग नवा कायदा आला. कुठल्याही राहत्या घरात भर उन्हाळ्यात छत्तीस अंशांवर पारा जाता कामा नये, दर मे महिन्यात आढावा, आणि उद्दिष्ट गाठेपर्यंत तार निघणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे कायदा करणाऱ्यांना एकदाचं उमगलं होतं.

टेंभेकर मुकाट कामाला लागले. तलावांतला गाळ उपसला, झाडं वाढवली, छतं पांढरी केली. राहिलं एकच घर, सिंधूबाईंचं. मालकाच्या संमतीशिवाय त्याला हात लावता येत नव्हता.

आढाव्याला दाहजोडीच्या शोधकर्त्या डॉ. इरावती पुंडलिक स्वतः आल्या. सोबत चुन्याची बादली होती.

“चाळीस अंश. सिंधूताई, पांढरा पत्रा बहुतेक ऊन परत फेकतो. दोन हात चुना मारला की काम झालं.”

“अन् त्याची तार निघंल?”

“निघेल.”

“मग राहू द्या. यानं मरते का तो?”

“नाही. त्याला फक्त वाटतं.”

“बरं हाय. मेला तर सुटंल.”

डॉक्टरांनी आत पाहिलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली करुणा पोटावर ओलं फडकं घेऊन पडली होती.

“हिला मात्र नुसतं वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “आठवा महिना आहे. आईचं अंग तापलं की बाळही तापतं. गुणवंता गेला, तसंच तेही जाईल.”

सिंधूबाईंनी वळून लेकीच्या पोटाकडे पाहिलं. तार बसल्यापासूनच्या पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना टेंभेकरांचा विसर पडला.

“लावा,” त्या म्हणाल्या. “लावा चुना.”

करुणा भिंतीला धरून उठली, बाहेर आली आणि बादली नालीत ओतली.

“घर माह्या नावावर हाय, डॉक्टर. आईनंच केलं, आपुन मेल्यावरबी कोणी चुना लावू नये म्हणून. मी नाही म्हणतो.”

“करुणे, त्याले सोडून दे वं. लेकराचा इचार कर.”

“दादा गेला तवा तूच मले सांगत होती, काही झालं तरी सोडू नको म्हणून. आता काऊन भेतं?”

डॉक्टरांनी ‘उद्दिष्ट अपूर्ण’ अशी नोंद केली. कायद्यात दुसरा पर्यायच नव्हता.

सिंधूबाईंनी लेकीचे पाय धरले. करुणानं ते सोडवून घेतले, एकटीच आत गेली आणि वारा येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.