चढावरची गाडी

मागच्या चाकांतून खरखर येऊ लागली तेव्हा मृणालिनीबाईंनी आठ दिवस तिकडे कानाडोळा केला. नवव्या दिवशी ती खरखर शेजाऱ्यांनाही ऐकू जायला लागली, आणि मग गाडी निलेशच्या गॅरेजवर नेण्यावाचून इलाज उरला नाही. गाडी त्यांच्या यजमानांची, देवव्रतांची. त्यांना जाऊन सात महिने झाले होते, पण कागदोपत्री ती अजून त्यांचीच होती. नाव बदलायच्या अर्जावर सही करायला बाईंचा हात धजत नव्हता.

"ब्रेकचे पॅड पार संपलेत, काकू," निलेश चाकाशी उकिडवा बसत म्हणाला. "पण ही दांड्याच्या हँडब्रेकची गाडी नाही. हिच्या मागच्या ब्रेकला मोटर आहे. आधी स्कॅनर लावून मोटरला सांगायचं, मागे सर. मग पॅड बदलायचे. मग परत सांगायचं, आता धर. तोपर्यंत पार्किंग ब्रेक नाहीच असं समजा."

तो स्कॅनर म्हणजे एक सून आणि तीन सासवा असा प्रकार होता. मुलुंडच्या त्या रस्त्यावरच्या तीन गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढून एकच घेतला होता. निलेशने मोटर मागे घेतली, नवे पॅड बसवायला घेतले, तेवढ्यात शेजारचा धवल आला आणि "दोन मिनिटांत देतो ना यार" म्हणून स्कॅनर घेऊन गेला. धवलची दोन मिनिटं अख्ख्या रस्त्याला ठाऊक होती. इकडे पॅड बसले, चाकं चढली, निलेशने पायाचा ब्रेक चारपाच वेळा दाबून पाहिला आणि देवव्रतांच्या आठवणी काढण्याच्या नादात किल्ली बाईंच्या हातात दिली. समोर एक पिवळा दिवा पेटलेला होता. नवं काम आहे, जाईल हळूहळू, असं बाईंना वाटलं.

त्यांची सोसायटी मुलुंडच्या डोंगराकडच्या अंगाला आहे. गेटापासून जिन्यापर्यंत सगळा चढ. खाली गेटालगत नीलम इस्त्रीचं टेबल मांडून बसते आणि बाईंची गाडी तिच्या बरोबर वरच्या बाजूला उभी राहते.

या चढावर देवव्रतांचा एक विधी असे. इंजिन बंद केलं की ब्रेक आपोआप लागतो, यावर त्या गृहस्थाचा काडीचा विश्वास नव्हता. बाई गाडी चालवत असल्या की ते आधी उतरायचे आणि मागे जाऊन डिकीवर दोन्ही तळवे टेकून उभे राहायचे, बाई खाली उतरेपर्यंत. बाराशे किलोची गाडी आणि अठ्ठावन्न किलोचा माणूस! सोसायटी हसायची. "अहो, लोक बघतात," म्हणून बाई लाजेने चूर व्हायच्या. आता त्या रोज गाडी लावली की आरशात बघायच्या. आरशात गेट दिसायचं, नीलम दिसायची. मध्ये कुणी नसायचं, आणि बाईंना गाडीतून उतरावंसं वाटत नसे.

त्या दुपारीही त्यांनी गिअर न्यूट्रलला टाकला, इंजिन बंद केलं. एरवी मागून मोटरची बारीक घुर्र यायची, ती आली नाही. पण गाडी जागची हलली नाही. बाई उतरून घरी गेल्या.

चारच्या सुमाराला निलेश स्कूटरवरून धापा टाकत आला. "काकू, आधी खाली चला! स्कॅनर आत्ता परत मिळाला. मोटर मागेच राहिलीये, ब्रेक लागलेलाच नाही. वाट लागली असती हो!"

"अरे, पण गाडी उभी आहे की."

"तेच तर कळत नाहीये."

त्याने मागच्या चाकामागे दगड लावला, पालथं पडून बॅटरीचा उजेड मारला. पॅड आणि डिस्क यांच्यात फट होती. गिअर न्यूट्रल. मग तो उठला आणि दारापाशी खांदा लावून त्याने गाडी वर ढकलून पाहिली. गाडी अलगद वीतभर पुढे गेली. त्याने खांदा काढला. गाडी मागे आली, पण गडगडत नाही. सावकाश आली आणि दगडाला न टेकता, पहिल्या जागी थांबली.

निलेशने कपाळावरचा घाम पुसला. "काकू, हे बरोबर नाही."

बाई मागे गेल्या होत्या. डिकीचा पत्रा उन्हाने तापला होता, पण दोन जागी तो गार लागत होता. त्यांनी हात तिथेच ठेवला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं.

"निलेश, राहू दे ना रे असंच."

"खाली नीलमताई बसल्यात, काकू."

खाली नीलम कुणाचा तरी शर्ट झटकत होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

बाईंनी खाली नीलमकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "लाव."

निलेशने स्कॅनर जोडला. बोट बटणावर ठेवून तो थांबला.

बाई डिकीकडे वळून हलकेच म्हणाल्या, "अहो, दमलात. सोडा आता. घरी या."

मोटर घुरघुरली. पिवळा दिवा गेला. गाडी अंगठाभर मागे बसली आणि गच्च झाली. बाईंच्या हाताखालचा पत्रा सगळीकडे सारखाच तापला.

"आता हत्ती आला तरी हलणार नाही," निलेश म्हणाला. दगड काढून तो घाईघाईने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वीतभर वर होती.

ब्रेक लागलेला होता. मागच्या टायरांखाली फरशीवर दोन काळे ओरखडे उठले होते, चाक न फिरता घासत गेल्यासारखे. निलेश आला, बघितलं, "कुणीतरी ओढली असणार," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

तिसऱ्या दिवशी ओरखडे दोन विती झाले. चौथ्या दिवशी तीन.

बाईंचं घर तळमजल्यावर, जिन्याला लागून. गाडीपासून दारापर्यंत आता दहा फूट उरले होते.

पाचव्या दिवशी त्या लवकर उठल्या. चहाला दोन कपांचं आधण ठेवलं आणि वाटेत आडव्या येणाऱ्या कुंड्या एकेक करून बाजूला सरकवल्या.