मोरीजवळचा चौकोन

शनिवारी विनीतला वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासासाठी सोडायची होती. मजल्यावरच्या बाकी एकोणीस खोल्या कधीच रिकाम्या झाल्या होत्या. ज्या पॅसेजमध्ये सकाळी उठल्यापासून कुणी ना कुणी कुणाच्या तरी नावाने शंख करायचं, तिथे आता त्याच्याच चपलांचा आवाज येई. त्याला फार एकटं वाटायचं.

बोलायला माणूस नाही, मग गडी दिवसभर कॉम्प्युटरशी झटापट करी. फोटो नीट लावून ठेवणारं एक सॉफ्टवेअर होतं, जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं असं. त्यातून फोटो थेट वेबसाइटवर चढवायची सोय विनीत जोडत होता. पांगलेल्या शेजाऱ्यांना चाळीचे फोटो बघता यावेत म्हणून त्याने सगळ्यांना लिंकही पाठवून ठेवली होती.

त्या फोटोंत अख्खी चाळ होती. फक्त त्याची आई, गंगुबाई, एकाही फोटोत नव्हती. कॅमेरा दिसला की बाई पदर ओढून मोरीत शिरायची, ती फोटोवाला जिना उतरेपर्यंत बाहेर यायची नाही. आधार कार्ड निघायच्या आधीच ती गेली. तेराव्याला हार घालायला फोटो नाही, तेव्हा पाटावर तिच्या चष्म्याची डबी ठेवून तिलाच हार घातला होता. आता नव्या घरात भिंतीवर आई म्हणून काय लावायचं, या एका विचाराने विनीतला झोप लागत नव्हती.

दुपारी त्याने चाचणीसाठी रिकाम्या खोलीचे सात फोटो काढून चढवले. सॉफ्टवेअर चेहरा ओळखून त्याभोवती चौकोन आखायचं आणि नाव विचारायचं. सातही फोटोंत एक चौकोन होता. मोरीजवळच्या उघड्या भिंतीवर. खाली प्रश्न, 'हे कोण?'

बग असणार, दुसरं काय! त्याने कोडची ओळ न ओळ तपासली. भिंतीचे पोपडे चेहऱ्यासारखे दिसत असतील म्हणून त्यावर पांढरी चादर टांगली आणि पुन्हा फोटो काढला.

चौकोन चादरीवर आला. ठेंगण्या बाईमाणसाच्या उंचीवर.

पुढच्या फोटोत तो मोरीपासून दोन फरशा अलीकडे होता. त्याच्या पुढच्यात चार. खोलीत ओल्या लुगड्याचा वास यायला लागला. पाणी तोडल्यापासून मोरी तर दोन दिवस कोरडीच होती.

विनीतला भीती वाटायला हवी होती. त्याला आशा वाटली.

"एकदा तरी ये ना गं फोटोत," तो मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

मग फोन खिडकीत उभा केला, टायमर लावला आणि स्टुलावर येऊन बसला. फोटो निघाला. त्याने तो चढवला.

फोटोत तो होता, डोळे ताणून बघणारा. मागे भिंत. चौकोन एकच, त्याच्या डोक्याच्या थोडा वर. त्यात नुसता चुना दिसत होता. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मात्र चौकोन नव्हता.

त्याला रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या खोलीतली सुचित्राताई, आता मुलीकडे माटुंग्याला राहणारी.

"विन्या, गंगुमावशीचो फोटो खंय गावलो रे तुका? आताच साइटवर बघितला. हसता बघ कशी!"

विनीतने स्क्रीनला नाक लावलं. भिंत. नुसती भिंत.

"ताई, मला नाही दिसत."

"मस्करी करतंस?" ती हसली. मग फोटो मोठा करून पुन्हा बघत असावी.

"पण विन्या," ती हळूच म्हणाली, "तिनं तुझे डोळे दोन्ही हातांनी कित्याक झाकलेत रे?"