कोपऱ्यात वळणारा रंग

काचेवर रंग धरत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमची फवारणी विजेवर चालायची. पिस्तुलातून निघालेला भारलेला रंग जमिनीशी जोडलेली वस्तू शोधत जातो आणि काचेतून तर वीज वाहत नाही. म्हणून बाटलीत मिठाचं पाणी भरायचं, त्यात तांब्याची कांडी सोडायची आणि कांडीची तार जमिनीत पुरायची. मग रंग बाटलीच्या पाठीमागेही आपणहून वळून चिकटतो. होटगी रोडवरच्या आमच्या शेडमध्ये १९७६च्या मार्चात हे यंत्र माझ्याच हट्टापायी आलं होतं.

आणि रंग बाटलीवर बसेना.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे अत्तरवाले नमुना बघायला येणार होते. मालक गुरुबसप्पांनी स्वच्छ सांगितलं होतं, "महिपतराव, नमुना पास झाला न्हाई तर मशीन परत, आन् तुमीबी घरी." चाळिशी उलटलेल्याला नवी नोकरी कोण देणार?

सकाळपासून मी मीठ वाढवलं, कांडी घासली, तार बदलली. पण कारागीर निंगप्पानं खटका दाबला की निळा फवारा बाटलीपर्यंत जायचा आणि डावीकडे वळून कोपऱ्यात शिरायचा. कोपरा रिकामा. पंखा बंद, दार बंद. बरं, तिथली चुन्याची भिंत तरी निळी व्हावी? तीही कोरीच्या कोरी. एवढा रंग जात होता कुठं, कुणाच्या बापाला ठाऊक!

"सायेब," निंगप्पा म्हणाला, "तितं कुनीतरी हुबं हाय."

"तुझं डोकं हाय तितं!" मी खेकसलो.

पण तो पिस्तूल काही उचलेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला काढून मी ओल्या फरशीवरून अनवाणी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. माणूस म्हणजे जमिनीला जोडलेली वस्तूच. रंग माझ्यावर बसला की याचं तोंड बंद होणार होतं.

"मार," मी म्हणालो.

फवारा आला. तोंडाला गार वारा लागला. मी हात पाहिले. कोरडे होते.

निंगप्पा माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मागे वीतभरावर भिंत होती.

घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा वैताग मोठा होता. "अहो, कंटाळला नाहीत का इथं उभं राहून?" मी मोठ्यानं म्हणालो. "चला माझ्याबरोबर, चहा पाजतो. पण आमच्या बाटल्या होऊ द्या!"

निंगप्पानं पिस्तूल खाली ठेवलं. "असं बोलवू नये, सायेब. मानानं बोलावल्यावर कुनी न्हाय म्हनतंय व्हय?"

मी तिरमिरीत टपरीवर जाऊन चहा प्यालो. परत येईतो निंगप्पानं बाटल्या रंगवल्या होत्या. तळापासून गळ्यापर्यंत गुळगुळीत निळ्या.

दुसऱ्या दिवशी मी पिस्तुलापासून लांब, दारातच उभा राहिलो. का, ते मलाच विचारू नका. मुंबईच्या साहेबांनी बाटली उन्हात फिरवून पाहिली आणि "फर्स्ट क्लास" म्हणाले.

नोकरी वाचली. मला हुंदकाच फुटायचा बाकी होता.

गुरुबसप्पा मागून आले. "शाब्बास, महिपतराव!" म्हणून त्यांनी पाठीवर दणकून थाप मारली.

आवाज आला. मला ती लागलीच नाही.

"अवो, शर्ट तरी बदलायचा की!" आपला ओला निळा तळवा धोतराला पुसत मालक म्हणाले.

मी शर्ट काढून पाहिला. पाठीवर एक डाग नव्हता.